मॅटखालचं भोक

वहिनी, जरा गडग्याशी या बघू. काम आहे, पण ते मागाहून सांगते.

आमच्या गाडीचा निकाल लागला हो एकदाचा! दीड महिना घरात दुसरा विषय नव्हता. ह्यांनी तर त्यासाठी वही घातली. डाव्या पानावर दुरुस्ती, उजव्या पानावर नवी गाडी. क्लचप्लेट, रेडिएटर, दोन्हीकडचे लोअर आर्म, चार टायर, सगळं मिळून डावीकडे ४२ हजार. उजवीकडे पाच लाखांचं कर्ज, नऊ टक्क्यांनी, पाच वर्षं. हप्ता महिना १०,४०० च्या आसपास. चष्मा कपाळावर चढवून मला म्हणतात, "अगं, चार हप्त्यांत अख्खी गाडी दुरुस्त होते! शिवाय हिला थर्ड पार्टी विमा पुरतो."

हिशेबाला नावं नाही ठेवत मी. पण गाडीची आज किंमत काय, ते कुठल्याच पानावर नव्हतं. विकून ३५ हजार आले तर डोक्यावरून पाणी, आणि तिच्यावर घालायचे ४२? विचारलं, तर म्हणे, "विकायचीच नाही तर किंमत कशाला बघायची?" घ्या!

पुण्याहून लेकाचा फोन. बाबा, आता पेट्रोलात २० टक्के इथेनॉल असतं, जुन्या गाड्यांचे रबरी पाइप खातं ते. ह्यांनी शांतपणे डाव्या पानावर वाढवलं: रबरी पाइप, १,८००. तो म्हणाला, सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झालाय, घ्या आता. तेव्हा मात्र पेन खिशात गेलं.

कारण काय, तर गाडी २००९ ची. गेल्या वर्षी पंधरा वर्षं भरली म्हणून पाच हजार फी भरून नवं पासिंग करून घेतलेलं, थेट २०२९ पर्यंत. नव्या नंबरप्लेटासुद्धा लावल्या. ते पैसे वाया कसे घालवायचे?

मग परवा फिटर आला. पायाखाली ओल का येते बघ म्हटलं. त्याने ड्रायव्हरच्या बाजूची मॅट उचलली, स्क्रूड्रायव्हरने जरासं टोचलं, आणि वहिनी, स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत! पोह्यासारखे तांबडे पापुद्रे गळले खाली. भोकातून आमच्या खळ्यातला शेणाचा सडा दिसत होता. इथला खारा वारा, त्यात चार महिने पाऊस, आणि गाडी बारा महिने उघड्यावर. फिटर म्हणाला, "इंजिन मी दहा वेळा उतरवून बसवेन काका. पत्रा गेला की संपलं. तुकडा टाकून वेल्डिंग मारलं असतं, पण वेल्डिंगला धरायला बाजूचा पत्रा तरी धड हवा ना?"

तरी रात्री वही निघालीच. दुसऱ्या गॅरेजला दाखवू म्हणाले. मग मीच तोंड उघडलं. म्हटलं, त्या बसक्या गाडीतून उतरताना मला दारही धरावं लागतं आणि तुमचा खांदाही. गेल्या गणपतीत देवळापाशी दोन पोरांनी ओढून काढली मला. माझे गुडघे कुठल्या पानावर लिहिलेत?

गप्पच झाले हो. चष्मा पुसत बसले. सकाळी उठून स्वतःच म्हणाले, उंच सीटची बघूया. काल चौकशीला जाऊनही आलो. मी तीन गाड्यांत चढून-उतरून बघितलं, विक्रीवाला मुलगा हसू दाबत होता. दाबू दे. अण्णांच्या सुनेने नुसता रंग बघून घेतली, आता फणसाखाली लावतात आणि चीक खरवडत बसतात.

जुनी खालच्या वाडीतला भंगारवाला उद्या न्यायला येतोय. सगळं काढून झालं, टेप, सीटकव्हरं, मागची उशी. फक्त डॅशबोर्डवरचा गणपती निघेना. सोळा वर्षांचा डिंक तो. ओढला तर सोंड मोडेल म्हणून हे त्याला हात लावीत नाहीत, आणि गणपतीशिवाय गाडी देत नाहीत. फिटर म्हणतो गरम वारा मारा, सुटेल. तुमच्या सुनेकडे केस वाळवायचं मशीन आहे ना हो?