बर्फाचा आठवडा, मृगाचा बहार

हिमालयात स्कीइंगचा हंगाम साधारण जानेवारी ते मार्च. औली घ्या, गुलमर्ग घ्या, मनालीजवळचं सोलंग घ्या, सगळीकडे हेच. याच महिन्यांत रिद्धपूर-मोर्शी-वरुड पट्ट्यात मृग बहाराची संत्री तोडणीला येतात, आंबिया बहाराचा ताण तोडून झाडांना पाणी द्यायचं असतं, आणि घरात कुणी दहावी-बारावीला असलं तर परीक्षा डोक्यावर असते. शाळेला मोठी सुटी लागते मे महिन्यात. तेव्हा औलीच्या उतारावर गवत असतं.

एवढं साधं कॅलेंडर समोर असताना आपल्या भागातल्या माणसांना २५-२५ वर्षांसाठी बर्फाचे आठवडे ‘टाइमशेअर’ म्हणून, म्हणजे दरवर्षी ठरावीक काळ खोली वापरायचा हक्क म्हणून, विकले जातात, याचा मला संताप येतो.

विक्रीची तऱ्हा आता सगळ्यांना पाठ आहे. फोन येतो : तुमचं कूपन निघालं, अमरावतीच्या अमुक हॉटेलात या, जेवण आमच्याकडे, भेटवस्तू नक्की. अट एकच, नवरा-बायको दोघांनीही यायचं. ही अट जेवणासाठी नसते. ‘घरी विचारून सांगतो’ हे मध्यमवर्गाचं सर्वांत चांगलं संरक्षण आहे, ते दारातच काढून घेण्यासाठी ती असते. मग भिंतीवर बर्फाचे फोटो, शेजारच्या टेबलावर अचानक टाळ्या, कुणीतरी ‘मेंबर’ झाल्याची घोषणा. शेवटी साहेब येतात आणि कागदावर आकडा खोडून नवा लिहितात. हा दर फक्त आज. कार्ड आहे ना? हप्ते करून देतो.

आमच्या ओळखीतल्या एका शिक्षक दादांनी अशीच सही केली. कंपनीचं नाव इथे महत्त्वाचं नाही. वहिनींना बर्फ पाहायचा होता. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मोठा प्रवास एकही झाला नव्हता. त्या इच्छेत चूक काहीच नाही. दादांनी नंतर करारनामा माझ्यापुढे ठेवला. जाड, गुळगुळीत कागद. वरच्या पानावर देवदारांचं चित्र, आतल्या पानांवर डोळे ताणून वाचावी लागणारी अक्षरं. वर्षाचे आठवडे रंगांत वाटलेले होते. दादांनी घेतलेल्या रंगात मनालीचा मे महिना नव्हताच. तो हवा तर वरच्या रंगाचे पैसे भरा. आणि जे हक्काचं, त्याच्याही खाली एक ओळ : खोली उपलब्धतेनुसार मिळेल. म्हणजे दादांनी विकत घेतला होता तो खोली मागण्याचा अधिकार. खोली मिळण्याचा नव्हे. त्यांना देऊ केला गेला तो जुलैचा आठवडा. पावसाळ्यात कुलू-मनालीच्या रस्त्यावर दरडी कोसळतात, हे दादा भूगोलात मुलांना शिकवतात. ते गेले नाहीत. वार्षिक देखभाल शुल्काची मागणी मात्र वेळेवर आली.

या शुल्काचा हिशेब कागदावर मांडून बघा. समजा, सभासदत्व ४ लाखांचं, मुदत २५ वर्षं, वार्षिक शुल्क २० हजार. तेच ४ लाख बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला २८ हजार व्याज. ते आणि वाचलेलं शुल्क मिळून ४८ हजार होतात. सात रात्रींना भागले तर रात्रीला सुमारे ६,८५० रुपये. एवढ्यात मनालीला सीझनमध्येही नीट खोली मिळते, कुठल्या गावी जायचं ते आपण ठरवतो, एखाद्या वर्षी गेलो नाही तर पैसे घरातच राहतात, आणि ४ लाखांची मुद्दल शाबूत. कराराच्या बाजूने बोलायचं तर एकच मुद्दा उरतो : पैसे भरले म्हणून माणूस निदान घराबाहेर पडतो. काही कुटुंबं दरवर्षी ठरवून जातात, मुलं लहान असेपर्यंत पुरेपूर फिरून घेतात. त्यांना तो सौदा परवडतो, हे मला मान्य आहे. पण त्यासाठी नोकरीतली रजा हातात लागते. बागायतदाराला कोण रजा देतो? मोर्शीकडचा एक संत्रावाला मला म्हणाला, “भाऊ, फेब्रुवारीत व्यापारी बागेत उभा रायते, मी कुठं जाऊ बरफात?”

या धंद्याचा जन्म खरोखर स्कीच्या उतारावर झाला, असं मानतात. १९६० च्या दशकात फ्रान्सच्या आल्प्समधल्या सुपरदेवोलुई या ठिकाणी खोलीचा दरवर्षीचा ठरावीक काळ विकायची कल्पना निघाली. त्याच दशकात, १९६३ मध्ये, स्वित्झर्लंडमध्ये हापीमाग ही संस्था निघाली. तिथे या कल्पनेला अर्थ होता. आल्प्सच्या पायथ्याच्या शहरांतली माणसं दर हिवाळ्यात त्याच उतारावर जातात, स्वतःची गाडी काढून काही तासांत पोचतात, मुलं चालायला लागली की स्की शिकतात. त्यांच्या आयुष्यात तो आठवडा आधीच होता, त्यांनी फक्त त्याची किंमत आगाऊ भरली. भारतात ही पद्धत १९८० च्या दशकात आली आणि तिचं बस्तान बसलं ते कोडाईकनाल, मुन्नारसारख्या थंड हवेच्या ठिकाणी. आपण स्की करत नाही. सोलंगच्या रस्त्याकडेच्या दुकानातून गमबूट आणि अंगाला मोठा होणारा रंगीत सूट भाड्याने घेतो, दोन तास बर्फात लोळतो, फोटो काढतो, गरम मॅगी खातो. तो आनंद खराच आहे. पण त्या दोन तासांसाठी नागपूर, तिथून दिल्ली, मग रात्रभराची बस एवढा पल्ला, आणि त्यावर २५ वर्षांचं बंधन?

आणि बर्फ तरी कुठे लिहून देतो? जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार उघडे पडले होते. पुढच्या वर्षी तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चवर ढकलाव्या लागल्या. औलीला नेणारा जोशीमठचा सुमारे ४ किलोमीटरचा रोप-वे जानेवारी २०२३ मध्ये बंद करावा लागला, कारण जोशीमठची जमीनच खचली, घरांच्या भिंती फाटल्या. ज्या डोंगराची पुढच्या पाच वर्षांची खात्री सरकारला देता येत नाही, त्याच्या पायथ्याची पाव शतकाची सुटी अमरावतीत तासाभरात विकू देणं चूक आहे.

रिद्धपूर हे मुक्कामाचं मोल जाणणारं गाव आहे. गोविंदप्रभूंचं हे गाव, लीळाचरित्राचं हे गाव. चक्रधरस्वामी कुठे कुठे राहिले त्या जागांची नोंद ठेवणारी स्थानपोथीही महानुभाव पंथानेच लिहिली. पंजाबातून महानुभाव मंडळी इथे येतात, मठात उतरतात, पंगतीला बसतात आणि निघून जातात. महाराष्ट्रातल्या कितीतरी तीर्थांच्या धर्मशाळांत खोलीच्या दारावर देणगीदाराच्या आईवडिलांचं नाव संगमरवरावर कोरलेलं दिसतं. खोली बांधून दिली त्याने, राहतो आणखी कुणी. परक्या गावी अंथरूण मिळावं याची ही व्यवस्था आपल्याकडे होती आणि आहे. वहिनींना बर्फ हवा असेल तर त्यांनी जरूर जावं, माझा आग्रह आहे, पण भाड्याच्या खोलीत, स्वतःच्या वेळेला.

सही करून बसलेल्यांसाठी कामाचं : २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला तो राहतो तिथे तक्रार करता येते. कंपनीचं कार्यालय चेन्नईत असो की मुंबईत, रिद्धपूरच्या माणसाला अमरावतीचा जिल्हा ग्राहक आयोग पुरतो. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत जायला हवं. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. खोली मागितल्याच्या आणि नकार मिळाल्याच्या प्रत्येक ई-मेलची प्रत ठेवा. फोनवरचं बोलणं आयोगापुढे सिद्ध करता करता नाकी नऊ येतात.

पण तक्रार ही नंतरची गोष्ट. युरोपीय संघाने २००८ च्या निर्देशात टाइमशेअरच्या ग्राहकाला १४ दिवस दिले आहेत. त्या मुदतीत कारण न सांगता करार मोडता येतो, आणि तोवर विक्रेत्याला एक पैसाही आगाऊ घेता येत नाही. आपल्याकडे टाइमशेअरसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. तो हवा. त्यात आणखी एक कलम हवं : गेल्या मे महिन्यात मनालीसाठी किती सभासदांनी खोली मागितली आणि किती जणांना मिळाली, हे प्रत्येक कंपनीने करारनाम्याच्या पहिल्या पानावर, देवदारांच्या चित्राच्या जागी, मराठीत आणि ठळक अक्षरांत छापलं पाहिजे.