सुटकेसमधला मुस्तफा

व्हिडिओ गेमचं खरं यंत्र पावणेसहा फुटांच्या आसपास उंच असतं आणि वजनाला शंभर किलोच्या पुढे. आमच्या घरात ते आणायचं तर फ्रिज किंवा मी, दोघांपैकी एकाला बाहेर जावं लागलं असतं, आणि फ्रिजवर बायकोचा जीव आहे. तेव्हा यंत्र करायचंच तर मिटून माळ्यावर टाकता येईल असं करणं भाग होतं. माळ्यावर सासऱ्यांनी लग्नात दिलेली ब्रीफकेस होतीच. काळी, कडक, आत जांभळं मखमली अस्तर. जावई पुढे ब्रीफकेसवाला साहेब होईल अशी नानांची अपेक्षा असावी. मी पाठीला सॅक लावून ऑफिसला जातो.

"हे सगळे गेम मोबाइलवर फुकट मिळतात," असं मुलगा म्हणाला. मिळतात. पण काचेवर बोट घासून मिळतात. पार्लरमधल्या दांडीच्या पोटात चार मायक्रोस्विच असतात, चार दिशांना एकेक. दांडी ढकलली की त्यातला एक टक् करून दबतो, तिरकी ढकलली की दोन. हे टक् बोटाला कळतं, कानाला कळतं आणि पाठीमागे उभ्या असलेल्या आठ सल्लागारांनाही कळतं. एस. टी. स्टँडजवळच्या पडदा लावलेल्या त्या अंधाऱ्या खोलीत खेळणारा एक आणि "उडी मार, उडी!" म्हणणारे आठ, हेच प्रमाण असायचं. मोबाइलमध्ये सगळं आहे, पण मागे उभं राहायला जागा नाही.

त्यातही मला हवा होता तो एकच गेम. जपानच्या कॅपकॉम कंपनीने 1993 साली 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' काढला. या नावाने तो आमच्या गावात कुणी मागितला असता तर मालकाने त्याला मोटारींच्या गॅरेजचा पत्ता दिला असता. सगळ्यांसाठी तो 'मुस्तफा'. कॅडिलॅक ज्याची, तो कथेचा नायक जॅक. पण जॅक ज्याच्या वाट्याला यायचा तो उशिरा आलेला असायचा. चपळ, टोपीवाला मुस्तफा पहिल्या नाण्यालाच जायचा.

सामान आणायला तपकीर गल्लीत गेलो. मोठी, गोल, दणकट बटणं पाहिजेत म्हटल्यावर दुकानदाराने विचारलं, "लिफ्टची का?" नाही म्हटलं. मग त्यांनी काउंटरवर मुठीएवढं लाल बटण ठेवलं. "हे घ्या. भोसरीत प्रेसवर हेच असतं. दाबलं की मशीन जागच्या जागी बंद." मी सांगितलं, की मला दाबल्यावर माणूस उडी मारेल असं बटण हवंय. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

शेवटी बटणं, दांड्या आणि बटणांचा निरोप कॉम्प्युटरला सांगणारं एक छोटं सर्किट असं सगळं ऑनलाइन मागवलं. त्या सर्किटला 'झीरो डिले एन्कोडर' म्हणतात. श्रावणात मागवलेला हा शून्य विलंब गणपती उठल्यावर घरी आला.

बाकीचं तसं सोपं. पडद्यासाठी मोडक्या लॅपटॉपचा 14 इंची पॅनेल, त्याला एक कंट्रोलर बोर्ड. मेंदू म्हणून रास्पबेरी पाय, म्हणजे 2012 साली बाजारात आलेल्या एटीएम कार्डाएवढ्या कॉम्प्युटरचाच वंशज. त्यावर एमुलेटर चालतो. 1997 साली निकोला साल्मोरिया या इटालियन गृहस्थाने 'मेम' नावाचा प्रोग्रॅम बाहेर काढला. तो नव्या कॉम्प्युटरला जुन्या यंत्राचं सोंग घ्यायला लावतो. सोंग घेणं कायदेशीर आहे, मात्र गेमवरचा कंपन्यांचा हक्क अजून शाबूत आहे. माझा मेहुणा वकील आहे. तो घरात असेपर्यंत ब्रीफकेस मिटलेली असते.

या सोंगात जुनी व्यंगंसुद्धा हुबेहूब उतरवावी लागतात. 1978 च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये जसजसे परग्रहवासी मरतात तसतसे उरलेले जोरात धावू लागतात. तोमोहिरो निशिकादो यांनी ते मुद्दाम केलेलं नव्हतं. सगळी फौज पडद्यावर काढता काढता बिचाऱ्या प्रोसेसरला धाप लागायची. फौज कमी झाली की तो सुटायचा. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेसारखं: निम्मे सभासद चहा पिऊन गेले की उरलेले विषय पाच मिनिटांत मंजूर. माझ्या ब्रीफकेसमधला प्रोसेसर तेव्हाच्या मानाने शेकडो पट वेगवान आहे, आणि आपण थकलोय असं दाखवणं हे त्याचं मुख्य काम आहे.

खरी लढाई झाली ती इंचांशी. 1991 च्या 'स्ट्रीट फायटर टू'ला माणशी सहा बटणं लागतात, तीन ठोशांची आणि तीन लाथांची. अठरा इंची ब्रीफकेसमध्ये दोघांची बारा बटणं घातली तर हात ठेवायला नाना पेठेत जावं लागेल. मुस्तफाला दोनच पुरतात: मार आणि उडी. सुताराने प्लायला होल सॉने भोकं पाडून दिली आणि "पाटी कुठल्या देवाची?" एवढंच विचारलं. पण दांडी पाटीखाली सव्वा इंच जाते आणि वर सव्वादोन इंच येते, आणि झाकणात पडदा बसलेला. झाकण मिटलं की दांडीवरचा लाल गोळा थेट पडद्यावर आदळणार. उपाय एकच, मिटण्याआधी गोळे आट्यांवरून फिरवून काढून ठेवायचे.

काढून ठेवले. दुसऱ्या दिवशी त्यातला एक गायब. संध्याकाळी आमटीच्या पातेल्याच्या झाकणावर लाल, गुळगुळीत, दिमाखदार मूठ दिसली. "किती दिवस मूठ आण म्हणत होते," आई म्हणाली, "शेवटी आणलीस बाबा." झाकणाचा स्क्रू बारीक पडत होता, म्हणून तिने कागदाची घडी घालून गोळा घट्ट बसवला होता. तो परत मागायची माझी छाती झाली नाही. एका दांडीवर आता पिवळा गोळा आहे.

दिवाळीत नाना आले. ब्रीफकेस उघडून त्यांनी बराच वेळ आत पाहिलं. "जावईबापू, यात फाइल कुठे ठेवता?" मी काही बोलायच्या आत मुलाने त्यांच्या हातात दांडी दिली, आणि दुसरी आईच्या.

मुस्तफा इतक्या शालीनपणे कुणी खेळलं नसेल. एकमेकांना कोपर लागू नये म्हणून दोघं दोन टोकांना तिरके बसले. "विहीणबाई, या गुंडाला तुम्ही मारा." "छे, छे, आधी तुम्ही." एवढ्यात तो गुंड दोघांनाही मारून जायचा. या गेममध्ये पिंपं फोडली की खायचे पदार्थ निघतात. ते घेतले की अंगात शक्ती येते. नानांनी पिंप फोडलं, आतून काहीतरी खमंग निघालं. "घ्या ना, विहीणबाई." "अहो नाना, तुमचीच शक्ती संपत आलीये, तुम्ही घ्या." "तुम्ही घेतल्याशिवाय मी कसा घेणार?" मुलगा मागून ओरडतोय, "कुणीतरी खा!" तो पदार्थ लुकलुकला आणि नाहीसा झाला. थोड्याच वेळात दोघंही मानपानात मेले. नव्वदच्या दशकातल्या आमच्या पार्लरमध्ये अशाच एका पदार्थावरून दोन सख्खे भाऊ महिनाभर बोलत नव्हते.

बायको इतका वेळ दारात उभी होती. "तिसरी दांडी कुठाय?" तिने विचारलं. मी जागेचं गणित सांगायला लागलो. "आमच्या इस्लामपूरला तिघं खेळायचे," ती म्हणाली. "दादा मला दर वेळी जॅकच द्यायचा. टोपीवाला स्वतः." दादा म्हणजे वकील मेहुणा.

मूळ यंत्रात खरोखरच तिघांची सोय होती, त्यामुळे वाद घालायला जागा नाही. तेव्हा वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर चोवीस इंची जुनी, कडक सुटकेस धूळ खात पडली असेल, तर ती भंगारात देऊ नका, मला द्या. मिटल्यावर आत सहा इंच खोली हवी. चाकं नसली तरी चालेल. कुलपाचा नंबर आठवत नसला तरीही चालेल. तीन आकड्यांच्या कुलपाच्या जुळण्या हजारच होतात, एका रविवारात उरकतील.