क्यूए साहेबांची गव्हाची बिअर

नगर रोडच्या दोन्ही अंगांना कंपन्या आल्या आणि त्यांच्या मागोमाग सणसवाडीत क्वालिटीवाला वस्तीला आला. त्याला ओळखायला गळ्यातलं आयकार्ड बघावं लागत नाही. टपरीवरचा चहाचा ग्लास उजेडाकडे धरून बघणारा, वड्याचा व्यास नजरेनं मोजणारा, लग्नाच्या पंगतीत दुसऱ्यांदा जिलबी आली की ‘बॅच टू बॅच फरक आहे’ म्हणणारा इसम दिसला की समजून जावं. आमच्या सोसायटीत असे बरेच आहेत, पण समोरच्या फ्लॅटमधल्या क्यूए साहेबांची सर कुणाला नाही. त्यांच्या दारात चपला काढायच्या जागा पिवळ्या पट्टीनं आखलेल्या आहेत. फ्रिजवर देवाचं कॅलेंडर नाही, फाइव्ह एसचा तक्ता आहे.

अशा साहेबांनी घरी बिअर करायचं मनावर घेतलं, तीही गव्हाची. आता, साहेब पिणारे म्हणावेत तर तसंही नाही. २००९ साली पुण्यात डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली आणि ताजी बिअर पिण्याची टूम निघाली, तेव्हापासून ते मित्रांबरोबर अधूनमधून जातात, पण ग्लास पुढ्यात ठेवून फेस किती वेळ टिकतो ते घड्याळात बघत बसतात. पिणाऱ्याला बिअर हवी असते, साहेबांना रीडिंग हवं असतं.

नाद लागल्यावर लिफ्टमधून जाणं अवघड झालं. तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत बव्हेरिया. “१५१६ साली तिथल्या ड्यूकनं कायदा केला, बिअरमध्ये फक्त बार्ली, हॉप्स आणि पाणी. पाचशे वर्षांपूर्वीचं स्पेसिफिकेशन! गहू पाववाल्यांसाठी राखलेला. आणि गंमत बघा, यीस्टचं नावच नाही. सगळं काम करणारा कामगार हजेरीपटावरच नाही!” पुढं गव्हाच्या बिअरचा मक्ता तिथल्या राजघराण्यानं स्वतःकडेच घेतला, हे सांगताना साहेबांचा चेहरा प्रमोशन हुकल्यासारखा व्हायचा.

मार्चमध्ये गावाकडून नवा लोकवन आला, सोबत आजीही आल्या, म्हणजे साहेबांच्या आई. साहेबांनी गहू भिजवून ओल्या कापडावर पसरला. मोड आल्यावर शेजारच्या काकू बघून गेल्या आणि म्हणाल्या, “आत्ता कुठं घट बसवले?” मोड दाण्याएवढे झाले, ते वाळवून भरडले, आणि बाहेरून मागवलेलं बार्लीचं माल्ट येऊन पोचलं. साहेबांनी गुरुवार धरला. गुरुवारी कंपनीला सुट्टी असते. ती वीजवाल्यांनाही मानवते, हे ऐनवेळी लाइट गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

त्या दिवशी सोसायटीनं न पाहिलेलं दृश्य पाहिलं. साहेब भांडी घासत होते. बिअर करणं म्हणजे मुख्यतः धुणं आणि पुन्हा धुणं. एक जंतू राहिला तरी आख्खी बॅच आंबट. ज्यांनी लग्नापासून चहाचा कप विसळला नव्हता, ते चमचासुद्धा उकळत्या पाण्यातून काढत होते. वहिनींनी व्हिडिओ काढून माहेरी पाठवला.

मग ६६ अंश तापमानाच्या पाण्यात भरडा तासभर मुरवायचा, म्हणजे पिष्टाची साखर होते. थर्मामीटर घेऊन साहेब गॅसपाशी उभे. थेंबभर पाणी बशीत काढून त्यावर आयोडीन. निळंकाळं झालं तर पिष्ट शिल्लक आहे. नाही झालं. “पास!” इथवर ठीक. पण गाळायला घेतलं आणि लगदा बसला. धार बंद. बार्लीला टरफल असतं, त्याची आपोआप गाळणी होते. गव्हाला ते नाही, नुसता डिंक. साहेब कागदावर बिघाडाचं मूळ कारण शोधायचा फिशबोन काढायला बसले. आजी आल्या, पातेल्यात डोकावल्या.

“आरं, ह्यो तर कुरडईचा चीक. असा घाई केल्यानं गळतोय व्हय?” असं म्हणून त्यांनी जुन्या धोतराचं फडकं बांधलं, हळूहळू पळीपळीनं ओतलं आणि तासाभरात काम उरकलं. एसओपीत फडक्याचा उल्लेख नव्हता. साहेबांनी तो ‘रिव्हिजन १’ म्हणून घातला.

हॉप्सची कडू फुलं घालून तासभर उकळलं, टबात ठेवून गार केलं. हायड्रोमीटरवर १.०४८ आलं. साहेबांनी रीडिंगखाली सही केली. आता यीस्ट. तापमान जरा चढतं राहिलं तर बिअरला केळ्याचा वास येतो, उतरतं राहिलं तर लवंगेचा. साहेबांना दोन्ही पन्नास-पन्नास टक्के हवे होते. बाहेर उन्हाचा रखरखाट, म्हणून पिंपाला ओलं पोतं गुंडाळून झालं होतं. साहेब पाकीट फोडणार, एवढ्यात मोबाइल बघत वहिनी म्हणाल्या, “अहो, ह्याला परवाना लागतो म्हणे.”

कंपनीत ऑडिटरला कलमं तोंडपाठ म्हणून दाखवणारा माणूस जागच्या जागी थिजला. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९, कलम ६५. परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे, आणि त्यात ‘घरच्यापुरती केली’ असं म्हणून सुटका नाही. साहेबांनी कलम पुन्हा पुन्हा वाचलं. मग यीस्टच्या पाकिटाला ‘होल्ड’ची चिठ्ठी लावून ते फ्रिजमध्ये ठेवलं.

राहिलं ते गोडसर कडू पाणी. आजींनी चव घेतली, सुंठ घालून पुन्हा उकळवलं आणि खोकल्याचा काढा म्हणून सोसायटीभर वाटलं. मलाही एक तांब्या आला. खोकला होता तसाच राहिला. चोथा खालच्या गोठ्यातल्या म्हशींनी संपवला, आणि तक्रार आली नाही, अशी नोंद साहेबांनी ‘कस्टमर फीडबॅक’मध्ये केली.

फिशबोनही अखेर पूर्ण झाला. माल ओके, मशीन ओके, मेथड ओके, माणूस ओके. मूळ कारण, महाराष्ट्र शासन.

सध्या आजींनी कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घातलाय. काल साहेब हळूच हायड्रोमीटर घेऊन पातेल्याजवळ गेले होते. आजींनी तो जप्त केला.