सर फार शिकवतात हो!

पनवेल स्टेशनातून बाहेर पडा आणि मान वर करा. फलकांवर दोनच माल विकायला ठेवलेत: विमानतळाजवळचा फ्लॅट आणि हसतखेळत शिक्षण. फ्लॅटला निदान रेरा नंबर तरी असतो.

हसतखेळत शिक्षणात धोका एकच. कधीतरी खरोखर हसवणारा-खेळवणारा मास्तर शाळेत रुजू होतो.

मग स्टाफरूममधला चहा गार होतो.

हे सर वर्ग घेऊन वडाळे तलावावर जातात. पोरांना बोलू देतात. बोलू दिलं की गोंगाट होतो, गोंगाट झाला की शिस्त गेली आणि शिस्त गेली की शिक्षण संपलं. हे गणित मोठ्या बाईंनी केव्हाच सोडवून ठेवलंय. ताळा करायची कुणाची टाप आहे?

सरांना चूक मात्र कुणी म्हणत नाही. फक्त विचारतात. परवानगी घेतली होती का? टाचण कुठंय? पोर्शन किती झाला?

पोरं किती शिकली, हा रकाना टाचणवहीत छापलेलाच नसतो.

खरं सांगायचं तर राग पद्धतीवर नसतो. राग असतो 'ब' तुकडीच्या पालकांवर. ते येऊन विचारतात, 'अ'ला असं शिकवतात, मग आमच्याला का नाही? कंटाळवाणा शिक्षक स्टाफरूमला चालतो. तुलना चालत नाही.

पटत नाही? मग सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीला चला. तिथल्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले. पुस्तकातल्या धड्यांना त्यांनी क्यूआर कोड जोडले. डिसेंबर २०२० मध्ये 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळालं, १० लाख डॉलरचं. त्यातले निम्मे गुरुजींनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ जणांना वाटून टाकले. महाराष्ट्राची छाती फुगली. पुढाऱ्यांचे सत्कार झाले. म्हणजे गुरुजींचे, पुढाऱ्यांच्या हस्ते.

जानेवारी २०२२ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीसाठी परदेशी जायच्या रजेचा प्रश्न आला. पुरस्कार जगाचा असला, तरी रजा जिल्हा परिषदेची असते.

रजा अडली. प्रतिनियुक्तीच्या काळात गैरहजर राहिल्याचा ठपका चर्चेत आला. शेवटी शिक्षणमंत्र्यांना मध्ये पडावं लागलं. जुलैत गुरुजींनी राजीनामा धाडला. हजेरीचा प्रश्न गैर नव्हता बरं का. सरकारी पगार घेणाऱ्याला तो विचारलाच पाहिजे. पण इतकी वर्षं मस्टर कोण बघत होतं?

त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर सोलापूरचे तेव्हाचे प्राथमिक शिक्षणाधिकारी २५ हजारांची लाच घेतल्याच्या आरोपावरून सापळ्यात अडकले. त्यांच्या हजेरीबद्दल कुणाची तक्रार ऐकिवात नाही.

खोड जुनीच आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेत मास्तर. 'निबंधमाला' भरात असताना पुण्याहून बदली झाली थेट रत्नागिरीला. १८७९ मध्ये त्यांनी नोकरीला रामराम ठोकला आणि जानेवारी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल उघडलं. सोबत टिळक, मागून आगरकर. अख्खी स्टाफरूमच बंडखोरांची! आता तरी नांदा सौख्यभरे?

१८९० मध्ये टिळक ही शाळा चालवणाऱ्या संस्थेतून बाहेर पडले. बंडखोरालाही शेजारच्या खुर्चीत दुसरा बंडखोर जड जातो.

आपल्या पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडकेही पुण्यात शाळा काढणाऱ्यांपैकी. स्वतः शाळा अर्धवट सोडलेले, लष्कराच्या हिशेबखात्यात कारकून. आज ते पनवेलातल्या कुठल्याही संस्थेत अर्ज घेऊन गेले, तर खिडकीवरच विचारतील: टीईटी झालीय का?

सरकारनं मात्र यावर तोडगा काढलाय. पहिली ते आठवीसाठी आनंददायी शनिवार. आनंदाचा शासन निर्णय निघाला. सोमवार ते शुक्रवारचा अजून निघायचाय.

आणि आपण पालक? आपण तर दोन्ही बाजूंनी ढोल वाजवतो. प्रवेशाच्या वेळी विचारतो, "शाळेत नवीन काय?" सहामाहीच्या आदल्या आठवड्यात विचारतो, "हे तलावाचं परीक्षेत येणार का?" नाही म्हटलं, की ग्रुपवर पहिला मेसेज आपलाच: सर चांगले आहेत, पण फार शिकवतात हो.

वर्ष संपता संपता सर दुसरीकडे नोकरी बघतात. निरोप समारंभ दणक्यात होतो. सगळ्यांत लांबलचक भाषण टाचण मागणाऱ्या बाईंचं. 'उपक्रमशील' हा शब्द त्यात चारदा. शाल-श्रीफळाची वर्गणी आधीच गोळा झालेली असते. शिपाईमामांनी यादीप्रमाणे सगळ्यांकडून पन्नास-पन्नास घेतलेत.

सरांकडूनही.