पाय टेकला की सरासरी पडते

गगनबावड्यात सिग्नल नाही. कोल्हापूरहून रविवारी 55 किलोमीटर पायडल मारत तिथं पोचणाऱ्या मंडळींना विचारा, "एवढ्या लांब कशाला?" तर म्हणतात, "शहरात सायकल चालवू देतात कुठं? जागोजागी सिग्नल!" ऐकणाऱ्याचा जीव कळवळावा. बिचारे आठवडाभर लाल दिव्यापुढं ताटकळून दमले असतील. प्रत्यक्षात व्हीनस कॉर्नर आणि दसरा चौक या दोन ठिकाणी लाल दिवा कसा दिसतो, हे यांना अजून नीट ठाऊक नाही.

त्यांचीही अडचण समजून घ्यायला हवी. बूट पायडलमध्ये अडकवलेला असतो. थांबायचं तर टाच बाहेर वळवून तो सोडवायला लागतो, आणि वेळेवर सुटला नाही तर माणूस सायकलसकट, उभ्या उभ्या, अख्ख्या चौकासमोर आडवा होतो. शिवाय पाय टेकला की ॲपवरची सरासरी पडते. ताशी 26 ची 24 झाली तर ग्रुपवर तोंड कसं दाखवायचं? म्हणून लाल लागला की हा गडी फुटपाथवर चढतो आणि पादचारी होतो. झेब्रावरून पलीकडं जातो, तिथं उतरला की परत वाहन. एका चौकात दोन जन्म, आणि चलन एकाही जन्मात नाही.

चलन येणार कसं? मोटार वाहन कायदा 1988 चा. त्याच्या लेखी सायकल मोटार वाहनच नव्हे. लायसन नाही, पासिंग नाही, पीयूसी नाही. कॅमेरा नंबरप्लेट शोधतो, ती मुळातच नाही. डाव्या बाजूनं चाला, हे सांगायला 1951 चा पोलीस कायदा आहे, तो सायकललाही लागतो. पण चौकातल्या हवालदारानं तो काढेपर्यंत हे फुलेवाडीच्या पुढं. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनं त्याच्या 138 व्या कलमात पोटकलम घालून राज्यांना पादचारी आणि बिगरमोटार वाहनांसाठी नियम करण्याचा अधिकार दिला. म्हणजे सायकल, हातगाडी, बैलगाडी सगळे एका रांगेत. दीड लाखाच्या कार्बन फ्रेमला हातगाडीशेजारी बसवलं, हा अपमान मात्र आमच्या मंडळींना खरोखर लागला.

सायकल गरिबाची होती तेव्हा कायद्याला ती लांबून दिसायची, हे विसरू नये. महापालिकांच्या 1949 च्या कायद्यात वाहनकर आहे. त्यापायी सायकलला बिल्ला लागे. अंधारात दिवा नसला की पोलीस थांबवायचा, डबलसीट दिसली की उतरवायचा, आणि फार हुज्जत घातली तर चाकातली हवा सोडायचा. घरापर्यंत सायकल हातात धरून चालत जाणं, ही शिक्षा. गिरणीचा कामगार, दूधवाला, शाळामास्तर, सगळ्यांनी ती भोगली. मग सायकल महाग झाली, बिल्ला गेला, आणि तोच पोलीस आता सायकल रॅलीला पुढं मोटरसायकल लावून रस्ता मोकळा करून देतो. हवा सोडायची हिंमत कोण करणार? ती भरायचा पंपसुद्धा परदेशी असतो.

बालिंगा ओलांडला की या मंडळींचा खरा संसार सुरू होतो. तिघं जोडीनं, गप्पा मारत. मागून एसटी हॉर्न देते. तिघांतला एक मागं न बघता हात हलवतो, म्हणजे 'रस्ता सगळ्यांचा आहे'. त्याच रस्त्याच्या कडेला, पांढऱ्या पट्टीच्याही पलीकडं, जुन्या काळ्या सायकलीवर वैरणीचा भारा लादून एक बाप्या चाललेला असतो. त्याला हेल्मेट नाही, ॲप नाही, पण डावी बाजू तो सोडत नाही. या मार्गावरचा अधिनियम त्याला पाठ आहे: उसाच्या दोन ट्रॉल्या आल्या की त्या पहिल्या, मग एसटी, मग म्हैस, मग आपण. म्हशीचा क्रम एसटीच्या वर धरावा की खाली, यावर एसटीच्या ड्रायव्हरांत मतभेद आहेत.

गगनबावड्याच्या पुढं, करूळ घाटात तर कायदाच उलटा होतो. चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची, हा डोंगरी रस्त्याचा नियम. पण खाली सुटलेल्या सायकलला ब्रेक लावणं म्हणजे चढून कमावलेलं पाण्यात घालणं. त्यामुळं वळण कापून, उजव्या बाजूनं, धुक्यात. समोरचा ट्रकवाला करकचून थांबतो, आणि घसा फोडून जे बोलतो ते छापण्याची या सदराला सोय नाही. यावर मंडळींचं उत्तर तयार असतं: अमेरिकेत आयडाहो राज्यात 1982 पासून कायदाच आहे, सायकलवाल्यानं वेग कमी करावा, डावं-उजवं बघावं, मोकळं असेल तर स्टॉपच्या पाटीवर न थांबता जावं. हे खरं आहे. मात्र त्यातला 'वेग कमी करावा, बघावं' हा भाग कोल्हापूरपर्यंत येता येता गळाला.

घाट चढून परत गगनबावड्यात चहा, मिसळ, गगनगडाकडं पाठ करून फोटो. परतीला ऊन चढतं, मांड्या भरतात, आणि कुणीतरी हळूच पिकअपवाल्याला फोन लावतो. सायकली हौद्यात आडव्या, मंडळी त्यांच्या मधे उभी. वाटेत शिट्टी वाजते. मालाच्या गाडीत माणसं घेतली म्हणून पोलीस ड्रायव्हरकडं कागद मागतो.

हौद्यातून आवाज येतो, "साहेब, लवकर आवरा की. आणि ह्याला सोडू नका हं, मघाशी पिवळ्यात घुसवली यानं."