कार्डावर किमो आहे, घास नाही

डिस्चार्जच्या कागदावर एक ओळ असते: 'हाय प्रोटीन डाएट'. तो कागद घेऊन एक मावशी परळच्या कॅन्सर हॉस्पिटलबाहेर फुटपाथवर येऊन बसतात. नवऱ्याच्या जबड्याचं ऑपरेशन झालंय, नाकात नळी आहे. दर दोन तासांनी सिरिंजने दोनशे मिली पातळ अन्न सोडायचं. कोमट हवं, फडक्यातून गाळलेलं हवं. एक कणी अडकली की नळी बंद. चूल नाही, मिक्सर नाही. मग टपरीवरचं दूध आणि त्यात विरघळवलेली ग्लुकोजची बिस्किटं.

50 किलोच्या रोग्याला दिवसाला किमान 60 ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात. बिस्किटांनी हे गणित कुठून सुटणार? वजन उतरत जातं. रेडिएशनसाठी चेहऱ्याच्या मापाने केलेला मास्क सैल पडतो, की पुन्हा माप, पुन्हा सगळी आखणी. अंगात त्राण नाही म्हणून किमो पुढे ढकलली जाते. लाखांचे उपचार अन्नावाचून अडतात, आणि आपण म्हणतो रोगच वाईट होता.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या कार्डावर कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. फार मोठा आधार आहे तो, नाकारत नाही. पण जेवण मिळतं ते दाखल असेपर्यंत. रेडिएशनचा रोगी सहा-सहा आठवडे बाहेरून येऊन जाऊन असतो. त्याने खायचं काय? टीबीच्या रोग्याला सरकार 2018 पासून महिन्याला 500 रुपये आहारासाठी देत होतं, नोव्हेंबर 2024 पासून 1000 देतंय. म्हणजे अन्नावाचून औषध लागू पडत नाही, हे सरकारला ठाऊक आहे. कॅन्सरच्या वेळी तो हात का आखडतो?

त्यात मोबाईलवरचे वैद्य: साखर बंद करा, दूध बंद करा, कॅन्सर उपाशी मरेल. कॅन्सर आपला वाटा ओरबाडून घेतोच. उपाशी राहतं ते माणूस.

2025च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत प्रत्येक जिल्हा रुग्णालयात डे-केअर कॅन्सर सेंटर उघडायचं जाहीर झालंय. उघडाच. पण गडचिरोलीच्या सेंटरात सलाईनच्या स्टँडशेजारी एक आहारतज्ज्ञ बसवा, रोग्याचं दर खेपेला वजन करा आणि नळीतून द्यायचं अन्न कसं करायचं ते नातेवाइकांना समोर करून दाखवा. मराठीत, त्यांच्या घरात आहे त्या जिनसांतून.

मावशींनी मला विचारलं होतं, "नाचणीचं सत्त्व नळीतून जातं का हो?" मला सांगता येईना. उत्तर दिलं शेजारच्या पथारीवरच्या बाईंनी, ज्यांचा मुलगा तीन महिने नळीवर होता: "जातं. दुधात पातळ शिजवा, चमचाभर तेल घाला, दोनदा गाळा. आणि वरून पाणी सोडायला विसरू नका."