पगार म्हणायचं नाही

आरोग्य खात्याच्या कुठल्याही बैठकीची सुरुवात रांगोळीने होते आणि रांगोळी आशा सेविकांनी काढायची असते. हे कुठल्याही जीआरमध्ये लिहिलेलं नाही, तरी सगळ्यात काटेकोरपणे पाळलं जातं ते हेच. गेल्या आठवड्यात तालुक्याला अशी बैठक झाली. आमच्या शेजारच्या वहिनी आशा आहेत. "विषय काय आहे?" म्हणून मी विचारलं, तर म्हणाल्या, "वाचायला वेळ कुठं होता भावोजी, मला नुसती अक्षरं भरायला सांगितली होती." मी वाचलं. पांढऱ्यावर गुलाबी अक्षरांत लिहिलं होतं : 'ग्रामीण आरोग्य कार्यकर्त्यांच्या कामगिरीवर परिणाम करणारे घटक'. ज्यांच्या कामगिरीवर परिणाम होतो त्यांनी विषय जमिनीवर काढला आणि जे परिणाम करतात ते त्याच्यावरून चालत व्यासपीठावर गेले. 'कामगिरी'तली 'गिरी' एका साहेबांच्या बुटाला लागून आत पोचली.

मला पत्रकारांच्या रांगेत खुर्ची मिळाली. चहा त्याच रांगेपर्यंत येतो.

पहिल्या वक्त्यांनी सांगितलं की आशा हा आरोग्य यंत्रणेचा कणा आहे. टाळ्या झाल्या. खात्याचं शरीरशास्त्र पक्कं आहे हे मान्य करायला हवं. कणा मागच्या बाजूला असतो, सगळा भार त्याच्यावर टाकायचा असतो आणि जेवताना घास तोंडात जातो, कण्याला कोणी वेगळं ताट वाढत नाही.

मग मागच्या रांगेतली एक नवी मुलगी उभी राहिली. तिने एवढंच विचारलं, "सर, तीन महिन्यांचा पगार कधी होईल?" सभागृहात कुणीतरी शिवी हासडल्यासारखी शांतता पसरली. साहेब भले माणूस, रागावले नाहीत. समजावून म्हणाले, "ताई, पगार म्हणायचं नाही. मोबदला म्हणायचं. तुम्ही स्वयंसेविका आहात." मुलीने दुरुस्ती केली : "तीन महिन्यांचा मोबदला कधी होईल?" साहेब म्हणाले, "अनुदान आलं की." व्याकरण सुधारलं, बाकी होतं तिथंच राहिलं.

ही भाषेची काळजी आजची नाही. २ ऑक्टोबर १९७७ ला, गांधीजयंतीचा मुहूर्त साधून, देशात गावागावांत आरोग्य कार्यकर्ते नेमायची योजना निघाली. हजार लोकवस्तीमागे एक माणूस, महिना ५० रुपये. चार वर्षांच्या आत त्या माणसाचं नाव आधी 'स्वयंसेवक' झालं आणि मग 'मार्गदर्शक'. 'कार्यकर्ता' म्हटलं की तो कार्याचे पैसे मागतो, 'मार्गदर्शक' म्हटलं की लाजतो, असा काहीतरी विचार असावा. हा आपला माझा तर्क. बारसं दोनदा झालं, ५० रुपये ५०च राहिले.

२००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि आशा आल्या. हजार लोकवस्तीमागे एक, हे जुनंच. मार्गदर्शक सूचनांत एक गोड वाक्य आहे : आशाने आठवड्यातले साधारण चार दिवस, रोज दोन-तीन तास काम करणं अपेक्षित आहे. वहिनींना मी ते वाचून दाखवलं. त्या इतक्या हसल्या की पोळी करपली. त्यांच्या एका मंगळवारचा हिशेब सांगतो. सकाळी लसीकरणाच्या सत्राला घरोघर जाऊन पोरं गोळा केली. दुपारी तीस वर्षांवरच्या लोकांचे बीपी-शुगरचे फॉर्म भरले. त्यात "दारू पिता का?" हा प्रश्न चुलत सासऱ्यांना, डोक्यावरचा पदर सावरत, जमिनीकडे बघून विचारावा लागला. मग आयुष्मान कार्डाचा ओटीपी घ्यायला एका शेतकऱ्याच्या मागे मक्यात शिरल्या, कारण फोन त्याच्या खिशात आणि रेंज बांधावर. मग डेंग्यूसाठी रांजण-टाक्या तपासल्या. या सगळ्याचे फोटो स्वतःच्या मोबाइलवरून, स्वतःच्या रिचार्जवर, ग्रुपवर टाकले. 'स्वयंसेविका' या शब्दातलं 'स्वयं' मला त्या दिवशी कळलं.

सभागृहात पडद्यावर तक्ता आला. मधोमध एक मोठं वर्तुळ, त्यात लिहिलेलं 'प्रेरणा'. भोवती छोटी वर्तुळं : प्रशिक्षण, पर्यवेक्षण, समुदाय सहभाग. सगळ्या वर्तुळांतून बाण निघून पुन्हा प्रेरणेतच शिरत होते. तज्ज्ञांचं म्हणणं, काही आशा फार चांगलं काम करतात आणि काही कमी पडतात, तेव्हा कमी पडणाऱ्यांत प्रेरणेचा अभाव आहे का, हे तपासायला हवं. वहिनी शेजारणीच्या कानात म्हणाल्या, "प्रेरणा आहे हो, सेल नाही."

या सेलचं थोडं सांगायला हवं. बाळंतपण दवाखान्यात झालं, तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाने घरी जाऊन बाळ बघायचं असतं. त्यासाठी पिशवीत झोळीचा काटा, थर्मामीटर आणि घड्याळ मिळतं. वहिनींच्या थर्मामीटरचा गोळीएवढा सेल पावसाळ्यात संपला. मागणी नोंदवली. मागणी नोंदवल्याची नोंद झाली. तेवढ्यात वरच्या आळीत एक बाळ चौदा दिवसांचं झालं. मी त्या दिवशी वीजबिलाच्या भानगडीत त्याच घरी होतो, म्हणून बघायला मिळालं. आजी उंबऱ्यात आडवी बसलेली. सव्वा महिना व्हायच्या आत बाळ काट्याला टांगलं की नजर लागते, हे तिचं म्हणणं. वहिनींनी वाद घातला नाही. आधी आजीचा गुडघा कसा आहे ते विचारलं, मग हात धुतले, मग बाळाच्या पोटाला हात लावला, मग तळव्यांना. तळवे गार. थर्मामीटर बाहेर काढला, बटण दाबलं, काही दिसेना, पुन्हा पिशवीत ठेवला. बाळाची ओली दुपटी सोडवून त्याला उघडंच आईच्या उघड्या छातीशी धरलं, वरून आजीचीच गोधडी घातली. अर्ध्या तासाने पाय पुन्हा चाचपले आणि गुपचूप काटा काढला. आजी म्हणाली, "आता टांग, पण आकडा मोठ्यानं सांगू नको." वहिनींनी आकडा वहीत लिहिला. दुसऱ्या दिवशी आठवडी बाजारात घड्याळवाल्याकडून सेल घेतला. पावती त्याच्याकडे नव्हती, त्यामुळे ही गोष्ट सरकारी दृष्टीने घडलेलीच नाही.

सहा भेटींचे मिळून २५० रुपये ठरले. एका भेटीचे एक्केचाळीस रुपये सदुसष्ट पैसे होतात. पण ते मिळण्याच्या अटी मला जास्त आवडतात. मूळ नियमावलीत लिहिलंय की वजनाची नोंद हवी, लसी झालेल्या हव्यात, जन्मनोंदणी हवी आणि बेचाळिसाव्या दिवशी आई व बाळ दोघंही सुखरूप हवीत. म्हणजे पुलावरून पाणी गेलं म्हणून गाडी आली नाही किंवा दवाखान्यात डॉक्टर नव्हते, तर त्याची नोंद पुलाच्या नावावर होत नाही. आशेचे अडीचशे जातात. यमराजाशी थेट करार करणारं एवढं एकच खातं असेल.

वर्तुळांत न मावलेली आणखी एक गोष्ट. आमच्याच तालुक्यात एक आशा आहे, कामाला वाघीण. तिला दोन वाड्यांत ओसरीच्या आत घेत नाहीत. ती कुठल्या वस्तीत राहते हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्या भेटी 'अपूर्ण' दिसतात आणि तक्ता म्हणतो : प्रेरणा.

कुणी म्हणेल, कामगिरी कशाने सुधारते याचं उत्तर कुणाला सापडलेलंच नाही. तसं नाही, ते आपल्या राज्यातच पडलंय. जामखेडला आरोळे डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये काम सुरू केलं आणि गावातल्याच बायकांना तयार केलं. त्यांतल्या कित्येकींना सही येत नव्हती, कित्येकी गावकुसाबाहेरच्या होत्या. त्या नियमाने केंद्रावर येत, शिकत, एकमेकींना सांगत, परत जात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत आरोग्यदूतांकडून नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेऊन दाखवली. तिथले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले आणि १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. तिथे पंधरा दिवसांतून एकदा पर्यवेक्षक गावात येई, वही बघे, चुकलेलं दाखवे, शेजारी बसून पुन्हा करून घेई. आपण ते देशभर नेलं. भेटींचं वेळापत्रक नेलं, काटा नेला, वही तर दसपट करून नेली. पंधरा दिवसांनी येऊन शेजारी बसणारा माणूस न्यायचा राहिला. त्याच्या जागी वीस-पंचवीस आशांमागे एक गटप्रवर्तक आहे. ती बिचारी स्वतःच एसटीच्या मागे धावत असते.

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांवर आशांचा जिनिव्हात गौरव केला. वहिनींना ती बातमी व्हॉट्सअॅपवर कळली, त्यावर 'अभिनंदन' लिहा असा आदेशही आला. २०२३ च्या दिवाळीला राज्यात ७ हजारांची मोबदलावाढ जाहीर झाली. आशा आझाद मैदानावर बसून आल्यावर, २०२४ च्या होळीच्या तोंडावर, जीआर निघाला : ५ हजार. मंत्रालयाच्या जिन्यावरून उतरताना वाटेत दोन हजार सांडले. 'अनुदान आलं की' मधला 'की' किती लांब असतो, हे तेव्हा राज्यातल्या सत्तर हजार बायकांना एकदम कळलं.

बैठक तीन वाजता संपली. वहिनींना 'उत्कृष्ट आशा' म्हणून प्लास्टिकच्या कुंडीतलं एक रोप मिळालं. ते मांडीवर घेऊन त्या साडेपाचच्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवर बसल्या होत्या. तेवढ्यात फोन वाजला. ग्रुपवर संदेश होता : 'रांगोळीचा जिओ-टॅग फोटो अजून अप्राप्त. वरिष्ठांना अहवाल पाठवायचा आहे. तातडीने.'

रांगोळी तर सकाळीच पायांखाली गेली होती. वहिनींनी गॅलरी उघडली, बोटाने खाली-खाली सरकवत मागच्या वर्षीचा फोटो काढला आणि पाठवून दिला.

"अहो वहिनी, तो जुना आहे," मी म्हणालो.

"विषय तोच होता भावोजी."

मिनिटाच्या आत साहेबांचा अंगठा आला.